काट्याची पावती सेव्ह व्हायला ९ सेकंद: रेड कार्डावर लिहिणं एवढं मंद का पडलं?

ऊसकाटा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी एका सहकारी साखर कारखान्याचं सर्व्हर-नेटवर्क बघतो. गळीत सुरू होऊन बारा दिवस झाले आणि पहिल्या दिवसापासून काट्यावरचं सॉफ्टवेअर रखडतंय. मागच्या हंगामात पावती एंटर दाबल्याबरोबर यायची. आता ९ सेकंद लागतात. संध्याकाळी यार्ड भरलं आणि त्याच वेळी शेती विभागाचं पोस्टिंग चालू असलं की ३० सेकंदांचा टाइमआउट लागतो, पावती अर्धवट राहते आणि गाडी परत मागे घेऊन वजन करावं लागतं. तीन काटे आहेत, दिवसाला साडेचारशेच्या आसपास वाहनं, प्रत्येकाचं भरलं आणि रिकामं अशी दोन वजनं. काल रात्री ट्रॅक्टरची रांग गेटाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. ऊस ट्रॉलीत उभा राहिला की वाळतो, आणि घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं, म्हणून जीवाला चैन नाही.

सर्व्हर सात वर्षांचा. दोन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं), त्यावर २ टीबीच्या ७२०० आरपीएमच्या चार डिस्क, रेड ५ (डेटासोबत पॅरिटी, म्हणजे पडताळणीचा हिशेबही ठेवतात, एक डिस्क गेली तरी त्यावरून डेटा परत काढता येतो). लिनक्स आणि मायएसक्यूएल डेटाबेस.

आतापर्यंत केलेलं: स्विच बदलला, केबल तपासल्या, प्रोसेसर पाच-सात टक्क्यांच्या वर जात नाही, रॅम मोकळी आहे. चारही डिस्कचे दिवे हिरवे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात हार्डवेअर, हार्डवेअरवाले म्हणतात सॉफ्टवेअर. डीडी या कमांडने एक जीबीची फाईल लिहून बघितली तर सेकंदाला १.१ जीबी दाखवतोय, म्हणजे डिस्क तर उत्तम दिसते. चार नवीन एसएसडीचं कोटेशन संचालक मंडळापुढे जायच्या आधी इथे विचारतोय.

पॅचपॅनल | सोमवार, रात्री ११:४८

तो १.१ जीबीचा आकडा आधी डोक्यातून काढा. चार फिरत्या डिस्क रेड ५ वर तेवढं लिहूच शकत नाहीत. तुम्ही रॅममध्ये लिहिलंत. लिनक्स फाईल आधी पेज कॅशमध्ये घेतो, "झालं" म्हणतो आणि डिस्कवर सावकाश उतरवतो. ६४ जीबी रॅममध्ये एक जीबीची फाईल कुठल्या कुठे मावते.

डीडीला शेवटी एफडेटासिंक (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) करायला लावा, किंवा डायरेक्ट फ्लॅग देऊन पेज कॅश टाळा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं काम मोठी फाईल लिहिण्याचं नाहीच. डेटाबेस बारीक बारीक लिहितो आणि प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, "हे खरंच डिस्कवर गेलं का" असं विचारून थांबतो. तेच मोजायला हवं. फायो नावाचं टूल टाका: ४ केबीचा ब्लॉक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच लेखन), प्रत्येक लेखनानंतर एफडेटासिंक, एक मिनिट. सेकंदाला किती होतात ते सांगा.

काटे जोरात चालू असताना आयओस्टॅट (डिस्कवरचा ताण दाखवणारी कमांड) विस्तारित मोडमध्ये एकेका सेकंदाने चालवा आणि लेखनाचा अवेट, म्हणजे एका लेखनाला लागणारा सरासरी वेळ, बघा. कार्डाचं कॅश धोरण आणि बॅटरीची अवस्थाही लिहा. मला वास तिथूनच येतोय.

ऊसकाटा | मंगळवार, पहाटे २:१०

दोननंतर गर्दी ओसरली तेव्हा केलं.

डीडी, डायरेक्ट: सेकंदाला ३४ एमबी.
फायो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे: सेकंदाला ३८. अडतीस हजार नव्हे, अडतीस. सरासरी वेळ २६ मिलिसेकंद.
गर्दी असतानाची आयओस्टॅटची नोंद: लेखनाचा अवेट २४० मिलिसेकंद, युटिलायझेशन ९९ टक्के, आणि प्रत्यक्ष लिहिलं जातंय सेकंदाला जेमतेम २ एमबी.

कार्डाची युटिलिटी सर्व्हरवर नाही. कोणती टाकू?

जुना_युनिक्सवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

मेगारेड कुळातल्या कार्डांना स्टोरसीएलआय, डेलच्या पर्क कार्डांना पर्कसीएलआय, एचपीई स्मार्ट अ‍ॅरेला एसएसएसीएलआय. तुमच्या कार्डाच्या कुळाप्रमाणे टाका, चालू सर्व्हरवर टाकता येते, रीबूट लागत नाही.

पण तुमचा ३८ हा आकडा फार बोलका आहे. तो समजून घ्या, मग पुढे कुठल्याही सर्व्हरवर हा आजार तुम्ही दोन मिनिटांत ओळखाल.

७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या, सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. डोकं योग्य ट्रॅकवर असलं तरी हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर, नुसती वाट बघावी लागते. एकट्या डिस्कवर, मध्ये कसलाही कॅश नसताना, एकाच जागी पुन:पुन्हा लिहून प्रत्येक वेळी खात्री करून घेतलीत, तर सेकंदाला १२० च्या वर जाताच येत नाही. ती जागा फेरीला एकदाच डोक्याखालून जाते.

आता यात रेड ५ आणा. ४ केबी लिहायचे तर कार्डाला आधी जुना डेटा वाचावा लागतो, जुनी पॅरिटी वाचावी लागते, नवी पॅरिटी काढून मग दोन्हीकडे लिहावं लागतं. एका लेखनाचे चार व्यवहार. वाचून झालं की तीच जागा डोक्याखालून पुढे निघून गेलेली असते, म्हणून लिहायला आख्खी फेरी थांबायचं. वर फाईल सिस्टिमच्या जर्नलची नोंद वेगळी. तुमचे २६ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ तीन फेऱ्या. हिशेब जुळतो. तुमच्या डिस्क धडधाकट आहेत, जेवढं भौतिकशास्त्र परवानगी देतं तेवढं त्या करतायत.

मग मागच्या हंगामात पावती झटकन कशी यायची? मध्ये कार्डाचा कॅश होता. राईट बॅक मोडमध्ये कार्ड डेटा आपल्या मेमरीत घेतं आणि लगेच "लिहिलं" असं सांगतं, डिस्कवर नंतर सवडीने, शेजारचे ब्लॉक एकत्र करून उतरवतं. वीज गेली तर त्या मेमरीतला डेटा जाऊ नये म्हणून कार्डाला बॅटरी असते. बॅटरी थकली की कार्ड स्वतःहून राईट थ्रूवर येतं. म्हणजे डिस्कवर प्रत्यक्ष उतरल्याशिवाय "लिहिलं" म्हणत नाही. डेटा सांभाळण्यासाठी ते असं करतं, आणि बरोबर करतं. पण दिवे हिरवेच राहतात, अ‍ॅरे "ऑप्टिमल" म्हणून दिसतो, काहीच तुटलेलं नसतं.

माझा अंदाज: बॅटरी गेलेली आहे. युटिलिटीचं आउटपुट टाका.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ९:३०

युनिक्सवाले काका म्हणतात ते नव्वद टक्के खरं असणार. तरी आउटपुट काढताय तर दोन-तीन गोष्टी सोबत बघून घ्या.

पार्श्वभूमीला कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटीचा मेळ तपासणं), पेट्रोल रीड (डिस्क वाचून खराब जागा शोधणं) किंवा रीबिल्ड (बदललेली डिस्क पुन्हा भरणं) चालू आहे का? रीबिल्ड चालू असताना रेड ५ अक्षरशः रांगतो.

दुसरं, प्रत्येक डिस्कचे मीडिया एरर आणि अदर एरर हे दोन आकडे. आमच्याकडे एका कोल्ड स्टोरेजच्या सर्व्हरवर मी आठ दिवस कार्ड, बॅटरी, ड्रायव्हर सगळं पालथं घातलं. दोष एका डिस्कमध्ये निघाला. ती मेलेली नव्हती, पण खराब सेक्टर वाचताना स्वतःशीच झगडत बसायची. रेड ५ मध्ये एक डिस्क थांबली की सगळे थांबतात. ती डेस्कटॉपसाठीची डिस्क होती. सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि कार्डाला सांगतात की जमत नाही, तू पॅरिटीवरून काढ. डेस्कटॉपची डिस्क कितीतरी जास्त वेळ प्रयत्न करत राहते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या टूलला मेगारेडचा पर्याय आणि डिस्कचा क्रमांक दिला की कार्डाच्या मागची एकेक डिस्क वाचता येते.

तिसरं, डिस्क एसएमआर जातीच्या नाहीत ना? त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. थोडा वेळ बरं चालतं, मग बसतं. तुमचं पहिल्या क्षणापासून सारखंच मंद आहे, त्यामुळे शक्यता कमी.

ऊसकाटा | मंगळवार, दुपारी १:१५

काका, नमस्कार करतो तुम्हाला.

व्हर्च्युअल ड्राइव्हच्या माहितीत या दोन ओळी एकाखाली एक आहेत, जशा आहेत तशा लिहितो:

डीफॉल्ट कॅश पॉलिसी: राईट बॅक, रीड अहेड नन, डायरेक्ट, नो राईट कॅश इफ बॅड बीबीयू
करंट कॅश पॉलिसी: राईट थ्रू, रीड अहेड नन, डायरेक्ट, नो राईट कॅश इफ बॅड बीबीयू

बीबीयू म्हणजे कार्डाची बॅटरी. तिच्या माहितीत "बॅटरी रिप्लेसमेंट रिक्वायर्ड: येस".

मग कार्डाचा इव्हेंट लॉग उतरवला. बॅटरीची क्षमता कमी झाल्याची पहिली सूचना जुलैची आहे. ऑगस्टमध्ये राईट बॅकवरून राईट थ्रूवर गेल्याची नोंद. पावसाळ्यात कारखाना बंद, काटे बंद, सर्व्हरवर फक्त ऑफिसची थोडीफार कामं. त्यामुळे कुणाला जाणवलं नाही. सूचना रोज लॉगमध्ये पडत होत्या आणि तो लॉग वाचायचं काम माझं होतं.

चारही डिस्कवर मीडिया एरर शून्य. पार्श्वभूमीला काही चालू नाही. डिस्क एसएमआर नाहीत.

बॅटरीची ऑर्डर देतोय, पण पुरवठादार आठ-दहा दिवस सांगतोय. तोवर काटे कसे चालवू?

सह्याद्री_७२ | मंगळवार, दुपारी २:४०

सोपं आहे. कॅश धोरणात बॅटरी नसली तरी कायम राईट बॅक असा पर्याय असतो, तो लावा. एका कमांडचं काम, पुढच्या सेकंदाला काटे पळायला लागतील. तुमच्याकडे यूपीएस असणारच, शिवाय कारखान्याची स्वतःची वीज. दहा दिवसांसाठी कशाला घाबरायचं? आम्ही दोन वर्षं असंच चालवतोय.

डीबीए_ताई | मंगळवार, दुपारी ३:२५

ऊसकाटा, कृपा करून हे करू नका. सह्याद्री, तुम्हाला दोन वर्षं काही झालं नाही याचा मला आनंद आहे, पण मी काय बघितलंय ते सांगते.

एका पतसंस्थेत मी डेटाबेस बघायचे. तिथेही बॅटरी गेली होती आणि कुणीतरी तोच पर्याय लावून ठेवला होता. यूपीएस होता, जनरेटर होता. एका शनिवारी रॅक झाडताना सर्व्हरची पॉवर कॉर्ड ओढली गेली. पाच सेकंदांत परत लावली. पण कॅशमधलं जे "लिहिलं" म्हणून सांगून झालं होतं ते डिस्कवर पोचलंच नव्हतं. फाईल सिस्टिम दुरुस्त करावी लागली, मायएसक्यूएल सुरू होईना, इनोडीबीची (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) पानं खराब. त्या आधीच्या रात्रीच्या बॅकअपवर यावं लागलं आणि शनिवारचा आख्खा दिवस छापील रोजकिर्दीवरून पुन्हा भरला. पिग्मीचे एजंट आपापल्या पावत्या घेऊन दारात उभे होते. एका बाईंचा भरणा दोनदा चढला होता, तो शोधायला आणखी दोन दिवस गेले.

यूपीएस फक्त भिंतीतल्या विजेपासून वाचवतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळणं, मदरबोर्ड बसणं, कुणी केबल ओढणं, हे सगळं यूपीएसच्या पुढे घडतं. तिथे राखण कार्डाची बॅटरीच करते.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, तात्पुरता. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीचं फ्लश लॉग अ‍ॅट ट्रान्झॅक्शन कमिट हे मूल्य १ वरून २ करा. मग प्रत्येक कमिटला डिस्कची वाट न बघता साधारण सेकंदातून एकदा लॉग डिस्कवर उतरतो. बिनलॉग (मायएसक्यूएलमधल्या बदलांची वेगळी नोंदवही) चालू असेल तर सिंक बिनलॉगही बघा, त्याचा प्रत्येक कमिटला वेगळा फ्लश असतो. यातही धोका आहे: सर्व्हर धाडकन बंद पडला तर शेवटच्या एखाद्या सेकंदाच्या पावत्या जातील. पण उरलेला डेटाबेस एकसंध राहतो, चालू करता येतो. बॅटरीशिवायच्या राईट बॅकमध्ये लेखनाचा क्रमच मोडतो. नंतरचं डिस्कवर पोचलेलं आणि आधीचं राहिलेलं असं होतं, आणि त्यातून डेटाबेस उठेलच असं सांगता येत नाही. शेवटची पावती काट्याच्या छापील प्रतीवरून भरता येते. सबंध हंगामाचा डेटा नाही भरता येत.

दुसरा, कायमचा. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, एका पावतीला किती कमिट होतात? जनरल लॉग (डेटाबेसला आलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद) दोन मिनिटं चालू करा आणि एका पावतीच्या ओळी मोजा.

दख्खनी | मंगळवार, सायंकाळी ६:००

ताईंच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. रेड ५ मध्ये तर आणखी एक भानगड आहे: डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली तर दोघांचा मेळ राहत नाही, आणि ते तेव्हा कळत नाही. पुढे कधी एखादी डिस्क गेली की त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचा डेटा बांधला जातो. याला राईट होल म्हणतात. कार्डाच्या कॅशची बॅटरी तेही भोक बुजवते.

सह्याद्री_७२ | मंगळवार, रात्री ८:१०

ताई, केबल ओढली जाण्याचा विचार मी केला नव्हता. आमच्याकडेही सर्व्हर उघड्या रॅकमध्ये आहे आणि रोज झाडलोट होते. आज रात्रीच धोरण परत फिरवतो.

एक शंका. नवीन कार्डांत बॅटरीऐवजी कपॅसिटर असतो म्हणतात, त्याला हा त्रास नसतो का?

जुना_युनिक्सवाला | मंगळवार, रात्री १०:३०

चांगलं केलंत.

नवीन पद्धतीत कार्डावर फ्लॅश मेमरी असते आणि सोबत सुपर कपॅसिटर. वीज गेली की कपॅसिटर काही क्षण कार्ड जिवंत ठेवतो, तेवढ्यात कॅशमधला डेटा फ्लॅशवर उतरवला जातो. फ्लॅशला वीज लागत नाही, म्हणून महिन्याने सर्व्हर चालू केला तरी डेटा तिथेच. जुन्या बॅटरीचं तसं नव्हतं, ती मेमरी जिवंत ठेवायची आणि तेही चांगल्या अवस्थेत तीनेक दिवसच. कपॅसिटर बॅटरीपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. पण तोही बिघडू शकतो, आणि बिघडला की कार्ड तसंच राईट थ्रूवर येतं. लक्ष ठेवायला हवंच.

ऊसकाटा, बॅटरी घेताना एक सांभाळा. लिथियम-आयन बॅटरी कपाटात पडून राहिली तरी म्हातारी होते. जुन्या मॉडेलची म्हणून पुरवठादार चार वर्षांपूर्वीचा माल देईल. निर्मितीची तारीख बघून घ्या. सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद करत असाल तर तेही थांबवा. उष्णतेत या बॅटऱ्या फार लवकर उतरतात. जुनी काढाल तेव्हा ती फुगलेली आहे का तेही बघा.

आणि नवीन लावल्या लावल्या वेग आला नाही तर घाबरू नका. ती चार्ज होईपर्यंत कार्ड राईट थ्रूवरच राहतं.

बोरिवली_लोकल | बुधवार, सकाळी ८:५०

धागा वाचून आमच्या ऑफिसच्या सर्व्हरचं कोडं सुटलं. थोडक्यात लिहितो, कुणाला उपयोग होईल. ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरव्हायझर), आत चार व्हर्च्युअल मशीन, लोकल डिस्क. त्याच डिस्कवर आधी साधा लिनक्स होता तेव्हा बरं चालायचं, ईएसएक्सआय टाकला आणि फाईल कॉपी गोगलगाय झाली. आम्ही हायपरव्हायझरला दोष देत होतो. कार्ड सर्वांत स्वस्त मॉडेलचं, त्यावर कॅशच नाही. लिनक्स आपल्या रॅममध्ये लेखन साठवून ते झाकत होता. ईएसएक्सआय स्वतः लेखन कॅश करत नाही, जे आलं ते थेट कार्डाकडे देतो, म्हणून कार्डाची खरी कुवत उघडी पडली. कार्ड घेताना कॅश आणि त्याचं संरक्षण आहे का हे विचारायलाच हवं.

पॅचपॅनल | बुधवार, सकाळी १०:१५

बरोबर. आणि एसएसडी लावून हा प्रश्न आपोआप सुटतो असंही नाही. घरगुती एसएसडीत वीज जाण्यापासून संरक्षण देणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे एफसिंक आला की तिला खरोखर फ्लॅशवर लिहून थांबावं लागतं. पाकिटावर लाखभर आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) छापलेले असतात आणि डेटाबेसखाली ती काही शेकड्यांवर आलेली मी पाहिली आहे. ऊसकाटा, ते कोटेशन कधीतरी मंजूर झालंच तर आधी तो मुद्दा तपासा. चारची गरज नाही. संरक्षण असलेल्या दोन, रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), फक्त डेटाबेससाठी.

ऊसकाटा | शुक्रवार, रात्री ११:५५

तीन दिवसांचा वृत्तांत.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे जनरल लॉग चालू करून एक पावती मोजली. एका भरल्या वजनाला ४१ इन्सर्ट आणि अपडेट, आणि प्रत्येकाला वेगळा कमिट. पावती, टोकन, वाहन, शेतकऱ्याचं खातं, तोडणी मुकादमाचं खातं, वाहतूकदाराचं खातं, गटाचं टनेज, सगळं सुटं सुटं. वर बिनलॉगचा फ्लश वेगळा. म्हणजे एका पावतीला ८० च्या वर वेळा डिस्कची वाट. सेकंदाला ३८ च्या हिशेबाने सर्व्हर रिकामा असतानाही दोन सेकंद, आणि तीन काटे अधिक पोस्टिंग एकाच रांगेत उभे राहिले की ९.

सॉफ्टवेअरवाल्यांना तो लॉग पाठवला. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. एक मुलगी आहे त्यांच्याकडे, तिने गुरुवारी रात्री बसून आख्खी पावती एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणली. यात आणखी एक फायदा झाला: टाइमआउट लागला तरी आता पावती अर्धवट राहत नाही, एक तर पूर्ण होते नाही तर काहीच होत नाही. पूर्वी वाहनाचं वजन चढायचं आणि मुकादमाच्या खात्यावर नाही, असे घोळ व्हायचे. ते हाताने निस्तरावे लागायचे.

फ्लश लॉगचं मूल्य मात्र मी १ वरच ठेवलं. मूल्य २ लावून मला झोप लागली नसती, आणि ट्रान्झॅक्शन एक झाल्यावर गरजही उरली नाही. बॅटरी अजून आलेली नाही, कार्ड राईट थ्रूवरच आहे, आणि आज संध्याकाळी भर गर्दीत पावतीला दीड सेकंद लागला. टाइमआउट एकही नाही.

डीबीए_ताई | शनिवार, सकाळी ९:०५

छान काम केलंत. त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा. एक्केचाळीस कमिटचा एक करणं ही बॅटरीपेक्षा मोठी दुरुस्ती आहे. बॅटरी चार वर्षांनी पुन्हा मरेल, हे राहील.

ऊसकाटा | पुढचा गुरुवार, सकाळी १०:३०

बॅटरी आली. तारीख बघितली, या वर्षीचीच. काल मध्यरात्री मिल सफाईसाठी बंद होती, गाड्या आधीच थांबवलेल्या. बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री केली, १२:४० ला सर्व्हर बंद केला. जुनी बॅटरी फुगून कव्हरच्या बाहेर आली होती, कोपऱ्याचं प्लास्टिक तडकलेलं. आणखी काही महिन्यांनी ती शेजारच्या केबलवर दाबली गेली असती. १:०५ ला सर्व्हर परत वर.

सुरुवातीला करंट पॉलिसी राईट थ्रूच दाखवत होता. काकांनी आधी सांगितलं नसतं तर मी बॅटरी परत काढून बघितली असती. दर पंधरा मिनिटांनी चार्जचा आकडा बघत खुर्चीवर बसून राहिलो. सकाळी ६:२० ला दोन्ही ओळींत राईट बॅक आलं.

तीच फायोची चाचणी, तोच ४ केबी: सेकंदाला २,९००. सरासरी ०.३ मिलिसेकंद. डिस्क त्याच, केबल त्याच, रेड ५ तोच.

कोटेशन मागे घेतलं.

कोकणकडा | गुरुवार, दुपारी १२:१०

वा! ३८ वरून २,९००, तोंडात साखर. पण कॅश ५१२ एमबी किंवा १ जीबी असेल, तो अथांग नाही हे ध्यानात असू द्या. बॅकअप किंवा मोठं पोस्टिंग सलग लिहीत राहिलं की कॅश भरतो, आणि मग डिस्कच्या मूळ वेगावर यावंच लागतं. ६४ जीबी रॅम असली की लिनक्सचं डर्टी रेशोचं (डिस्कवर न उतरलेला डेटा रॅममध्ये किती साठू द्यायचा त्याचं) मूल्यही कमी करा. डीफॉल्टला पार्श्वभूमीचं लेखन मोकळ्या मेमरीच्या १० टक्क्यांना सुरू होतं, म्हणजे काही जीबी साठल्यावर एकदम धबधबा. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये २५६ एमबीच्या आसपास ठेवलं की लेखन संथ धारेने जात राहतं.

दख्खनी | गुरुवार, दुपारी ३:४५

आता पुढच्या वेळी जुलैची सूचना जुलैतच कळेल अशी काही सोय केलीत का?

ऊसकाटा | गुरुवार, रात्री ९:२०

केली. एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) दर दहा मिनिटांनी चालते. युटिलिटीकडून डीफॉल्ट आणि करंट या दोन ओळी घेते, वेगळ्या दिसल्या की मला आणि शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनला मोबाईलवर संदेश. बॅटरीची बदली आवश्यक झाली की वेगळा संदेश, मीडिया एरर शून्याच्या वर गेला की तिसरा. शिवाय दर सोमवारी पहाटे फायो दहा सेकंद चालवून तो आकडा एका वहीत लिहायचा, वही सर्व्हर रूमच्या दाराला दोरीने बांधली आहे. कोकणकडा यांचं डर्टी बाइटचं मूल्यही लावलं, रात्रीच्या बॅकअपच्या वेळी काट्याला बसणारा धक्का गेला.

ऊसकाटा | साधारण महिन्याने, रविवार, सकाळी ९:००

धागा वर आणतोय, नोंद राहावी म्हणून. आज पहाटे ४:१० ला मोबाईल वाजला: करंट पॉलिसी राईट थ्रू. धावतच गेलो. कार्डाच्या लॉगमध्ये लर्न सायकल सुरू झाल्याची नोंद होती. कार्ड स्वतःच बॅटरी पूर्ण उतरवून परत भरतं, खरी क्षमता मोजायला, आणि आमच्या या जुन्या कार्डावर तेवढा वेळ राईट बॅक बंद राहतं. यार्डात त्या वेळी साठएक गाड्या होत्या. काट्यावर जाऊन उभा राहिलो, घड्याळ लावून सहा पावत्या मोजल्या. सगळ्यात सावकाश आलेली १.२ सेकंदांची. काटा क्लार्कला विचारलं, आज काही जड वाटतंय का? तो म्हणाला, नाही साहेब, का?

८:२५ ला दुसरा संदेश आला: दोन्ही ओळी राईट बॅक. पुढची लर्न सायकल रविवारीच दुपारी, मिल सफाईच्या वेळेत येईल अशी लावून ठेवली आहे.